स्मॉल अक्षरं नव्हती कारण एक चिप वाचवली होती

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर जो लेख आला तो आमच्याकडे घरातल्या सगळ्यांनी वाचला, फोटो मस्त होते, छपाई पण छान आलीये, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना म्हणून हे लिहितोय. त्या काळी तंत्रज्ञान एवढं पुढे गेलेलं नव्हतं म्हणून ते कॉम्प्युटर फक्त कॅपिटल अक्षरं दाखवायचे, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय. अहो नाही हो, तंत्रज्ञान होतं की. आस्कीच्या, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला नंबर ते ठरवणाऱ्या तक्त्यात स्मॉल अक्षरं १९६७ लाच येऊन बसली होती आणि ॲपल टू, कमोडोर पेट, टीआरएस-८० हे तिघं बाजारात आले १९७७ मध्ये, म्हणजे मधे चांगली दहा वर्षं गेली. कमी पडलं ते तंत्रज्ञान नाही, कंपन्यांनी हात आखडता घेतला, आणि तो प्रत्येकीनं वेगवेगळ्या ठिकाणी आखडला, खरी गंमत तीच आहे आणि लेखात नेमकी तीच सुटली.

मी आधी टीव्ही दुरुस्तीत होतो, नंतर सातपूरला इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सची कामं केली, आणि हे जुने डबे कुणाचे ना कुणाचे माझ्याकडे यायचे कारण नाशकात तेव्हा ते उघडायला तयार असणारी माणसं थोडीच होती. त्यामुळे जे सांगतोय ते बोर्ड बघून सांगतोय.

टीआरएस-८० पासूनच घ्या. स्क्रीनवर ६४ अक्षरांची एक ओळ आणि अशा १६ ओळी, म्हणजे एकूण १०२४ अक्षरं. ती ठेवायला २१०२ नावाच्या मेमरी चिप लावल्या होत्या, एका चिपमध्ये १०२४ बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराचा एक बिट एका चिपमध्ये. आता एका बाइटला ८ बिट म्हणजे ८ चिप हव्यात ना? बोर्डावर ७ च. आठवी लावलीच नाही. हिशेब असा केला की एक बिट ग्राफिक्स आहे का अक्षर आहे ते सांगायला आणि ६ बिट अक्षराला, आणि ६ बिटमध्ये ६४ चिन्हं बसतात, २६ कॅपिटल झाली, १० आकडे झाले, उरलेल्या जागेत स्वल्पविराम कंस बेरीज वजाबाकी वगैरे, झालं, भरलं घर. राहिलेला बिट बाकीच्या बिटांवरून एका गेटमधून, म्हणजे छोट्या सर्किटमधून, खोटाच तयार करायचा. मशीन मॉनिटर आणि कॅसेट रेकॉर्डरसकट ५९९.९५ डॉलरला विकायचं होतं त्यामुळे एकेक चिपवर कात्री चालली, आणि ती स्मॉल अक्षरांवर पडली. बरं ज्या चिपमधून अक्षरांचे ठिपके येतात त्या चिपमध्ये स्मॉल अक्षरं होतीच! फक्त त्यांच्यापर्यंत पोचायचा बिट नव्हता.

मग लोकांनी काय केलं तर बाहेरून एक २१०२ आणली आणि बोर्डावरच्या एका चिपच्या पाठीवर सोल्डर केली, सिंहस्थात गर्दीत बापाच्या खांद्यावर पोर बसतं तशी. १६ पायांची चिप, त्यातले डेटा आत जायचा आणि बाहेर यायचा असे दोन पाय बाहेर वाकवायचे, बाकी सगळे खालच्या चिपच्या पायांना चिकटवायचे, मग त्या दोन पायांना बारीक वायर, बोर्डावरची ट्रेस म्हणजे तांब्याची रेघ कापायची म्हणजे तो खोटा बिट बंद होतो. काहीजण वर एक छोटा स्विच पण बसवायचे, पाहिजे तेव्हा जुन्यासारखं चालवता यावं म्हणून. आणि एवढं करून पण अक्षरं दाखवायला वेगळा ड्रायव्हर प्रोग्राम आधी लोड करायला लागायचा. इलेक्ट्रिक पेन्सिल नावाचा वर्ड प्रोसेसर होता त्याच्यासाठी तर लोक मुद्दाम हे करून घ्यायचे, कारण सगळं पत्र कॅपिटलमध्ये कोण पाठवणार.

ज्यांनी हे केलं नाही त्यांची वेगळीच फजिती. न बदललेल्या मशीनवर शिफ्ट दाबून अक्षर टाइप केलं की मेमरीत स्मॉल जायचं पण स्क्रीनवर कॅपिटलच दिसायचं. दोन्ही अगदी सारखी. पंचवटीतल्या एका डॉक्टरांनी अमेरिकेहून येताना असा एक टीआरएस आणला होता, पेशंटची यादी त्यात भरायचे हौसेनं, आणि तक्रार अशी की समोर नाव दिसतंय, तेच नाव टाइप करतोय, तरी प्रोग्राम म्हणतो सापडत नाही. त्यांना वाटलं मेमरी गेली. मेमरी काही गेली नव्हती, शिफ्टवर हात पडायचा सवयीनं, टाइपरायटर वापरलेला माणूस, नावाचं पहिलं अक्षर शिफ्ट दाबून काढणार म्हणजे काढणारच, आणि इथे सगळं उलटं, शिफ्ट दाबलं की स्मॉल. त्यांना प्रिंटरवर यादी काढून दाखवली तेव्हा कुठे पटलं, कारण प्रिंटर बिचारा जे मेमरीत आहे ते खरंखरं छापतो, कागदावर प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर स्मॉल आणि बाकीची कॅपिटल!

ॲपलचं दुखणं वेगळं. त्यांनी २५६ कोड तर ठेवले पण ते खर्च कशावर केले बघा, ६४ उलट्या रंगातल्या अक्षरांवर, ६४ लुकलुकणाऱ्या अक्षरांवर, आणि उरलेले १२८ साध्या अक्षरांवर, म्हणजे तेच ६४ दोनदा. कीबोर्डवर शिफ्ट होतं पण ते चिन्हांसाठी, शिफ्ट आणि एम दाबलं की चौकटी कंस येणार, शिफ्ट आणि पी दाबलं की ॲट (@) येणार, अक्षराला त्याचा उपयोग शून्य. मग वर्ड प्रोसेसर लिहिणाऱ्यांनी शक्कल लढवली की साधं दिसतंय ते स्मॉल समजायचं आणि उलट्या रंगात दिसतंय ते कॅपिटल समजायचं, आणि कॅपिटल हवं तर आधी एस्केप दाबायचं. लिहिताना हात एस्केपकडे आणि शिफ्टकडे असा धावत राहायचा. पुढे कुणीतरी शोधलं की शिफ्टच्या बटणापासून एक वायर गेम पॅडच्या सॉकेटपर्यंत ओढली की प्रोग्रामला मेमरीतल्या ४९२५१ या पत्त्यावर डोकावून शिफ्ट दाबलंय का नाही ते कळतं. एक वायर हो! आणि ती इतकी पसरली की सॉफ्टवेअरवाले आपल्या मॅन्युअलमध्ये ती कशी जोडायची ते छापायला लागले. ॲपल टू ला कंपनीनं स्वतः स्मॉल अक्षरं दिली ती टू-ई या पुढच्या मॉडेलमध्ये, जानेवारी १९८३ ला.

आणि हे पण सांगायला पाहिजे की कंपन्यांना हे खपून जाईल असं का वाटलं. बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषाच मुळात १९६४ ला अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात टेलिटाइपवर, म्हणजे तारेनं जोडलेल्या टाइपरायटरवर वाढली आणि ते टेलिटाइप फक्त कॅपिटल छापणारे. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला कॅपिटल बघायची सवयच. ५ बाय ७ ठिपक्यांच्या चौकोनात कॅपिटल पण ऐटीत बसतात, स्मॉल जी, पी, वाय यांची शेपटी खाली जायला जागाच उरत नाही मग ती वर ओढून चेपून बसवायची, दिसायला वाईट. इंजिनिअरला वाटलं असणार कशाला ती ब्याद. पत्र लिहिणारा, कविता लिहिणारा, शाळेतल्या नोट्स टाइप करणारा माणूस हे मशीन घेईल हा विचार त्या हिशेबात नव्हता, एवढंच.

कमोडोरवाले मात्र हुशार आणि वांड दोन्ही. पेटमध्ये १९७७ लाच त्यांनी अक्षरांचे दोन संच दिले, एक कॅपिटल आणि चित्रांचा, दुसरा स्मॉल आणि कॅपिटलचा. पण एका वेळी संपूर्ण स्क्रीनला एकच संच! पुढच्या कमोडोर ६४ वर शिफ्ट आणि कमोडोरचं बटण एकत्र दाबलं की हा बदल व्हायचा. पत्त्यांचा खेळ काढलाय समजा, इस्पिक बदाम चौकट किलवर असे चारी रंग स्क्रीनवर मांडलेत, आणि पोरानं ती दोन बटणं दाबली की पानांच्या जागी ए, एस, झेड, एक्स अशी चार कॅपिटल अक्षरं येणार आणि वरचं नाव स्मॉल होऊन जाणार. परत दाबलं की पत्ते परत. प्रोग्राममध्ये काही बदललेलं नाही, मेमरीत तेच आकडे, नुसती ठिपके आणायची जागा बदलली. मुलांना कोड म्हणजे काय आणि अक्षराचा आकार म्हणजे काय हे दाखवायला याच्यापेक्षा चांगलं काही मी अजून पाहिलेलं नाही, दोन सेकंदात समजतं.

वांडपणा कुठे, तर त्या दुसऱ्या संचात ६५ नंबरला कॅपिटल ए नाही, स्मॉल ए. जगभर आस्कीत ६५ म्हणजे कॅपिटल आणि ९७ म्हणजे स्मॉल, आणि यांच्याकडे कॅपिटल जाऊन बसलं १९३ ला. त्यामुळे कमोडोरवर लिहिलेलं मोडेमनं, म्हणजे फोनच्या लाइनवरून, दुसऱ्या मशीनवर पाठवलं की सगळं उलटंपालटं पोचायचं, आणि प्रत्येक टर्मिनल प्रोग्रामला मधे बसून भाषांतर करत राहावं लागायचं. आस्कीवाल्यांनी केवढं सोपं करून ठेवलं होतं, कॅपिटल आणि स्मॉलमध्ये बरोब्बर ३२ चा फरक, म्हणजे एकच बिट इकडचा तिकडे, ९७ ते १२२ मधला आकडा आला की ३२ वजा करा, झालं कॅपिटल. ही एक ओळ लिहायला शिकलेली पोरं पुढे कधी अडत नाहीत असा माझा अनुभव आहे, मग भाषा कुठलीही असू दे.

अटारीची एक गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. १९७९ च्या अटारी ८०० ला स्मॉल अक्षरं नीट होती, पण मोठ्या अक्षरांचे जे दोन ग्राफिक्स मोड होते त्यात ६४ च आकार, आणि राहिलेले दोन बिट रंगाला दिलेले. म्हणून तिथे स्मॉल टाइप केलं की कॅपिटलच यायचं पण दुसऱ्या रंगात. खेळाच्या नावाची पाटी दोन रंगात करायची तर एक शब्द कॅपिटल एक स्मॉल असं लिहायचं. आहे की नाही मजा.

आता आपल्याकडचं. भारतात सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम बऱ्यापैकी आला, डेसिबेल्स या कंपनीनं तो डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणून इथे विकला. सिंक्लेअरच्या आधीच्या झेडएक्स८१ ला स्मॉल अक्षरं नव्हती, ६४ आकार गुणिले ८ म्हणजे ५१२ बाइटमध्ये सगळी अक्षरं उरकलेली. १९८२ च्या स्पेक्ट्रममध्ये ९६ आकार, ७६८ बाइट. म्हणजे स्मॉल अक्षरांसकट सगळी वाढ २५६ बाइटची, आज आपण एक गुड मॉर्निंगचा फोटो पाठवतो त्याच्यात असे शेकडो संच बसतील. स्पेक्ट्रमचा कर्सर पण बोलका, स्मॉल चालू असेल तर एल लुकलुकणार आणि कॅप्स लॉक असेल तर सी, वेगळा दिवा नको का काही नको. गोची व्हायची ती खेळात, प्रोग्राम विचारतो परत खेळायचं का, आतमध्ये तपासतोय स्मॉल वाय, आणि कुणीतरी कॅप्स लॉक करून ठेवलंय, मग वाय वाय वाय दाबत बसा, मशीन ढिम्म. त्यावर औषध म्हणजे प्रोग्रामच्या सुरुवातीला पोक २३६५८,८ लिहायचं, म्हणजे मेमरीत आकडा घालून कॅप्स लॉक आपणच चालू करायचं, आणि सगळी तपासणी कॅपिटलमध्येच करायची.

त्याच स्पेक्ट्रमवर स्वतःची २१ अक्षरं बनवायची सोय होती, ८ बाय ८ च्या चौकोनात. आम्ही त्यात मराठी बसवायचो. वहीत चौकोन आखायचे, भरलेला तिथे एक आणि रिकामा तिथे शून्य, आणि प्रत्येक अक्षराची सगळ्यात वरची रांग २५५, म्हणजे आठही ठिपके भरलेले, मग अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की शिरोरेखा आपोआप सलग जुळायची. ती पहिल्यांदा जुळलेली बघून जे वाटलं ते काय सांगू. राहिलेल्या सात रांगांत ङ, क्ष, ळ बसवताना घाम निघायचा, आणि वेलांटी उकारांना जागाच नाही, २१ अक्षरांत मराठी मावणार तरी कशी. पण इंग्रजीला जागा कमी पडते म्हणून स्मॉल अक्षरं कापणारे ते इंजिनिअर आणि आमचे जोडाक्षरांचे हाल, दुखणं एकच हे तेव्हाच लक्षात आलं होतं.

शाळांमध्ये आले ते बीबीसी मायक्रो. १९८४ ला केंद्र सरकारनं क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात देशातल्या शाळांना ही मशीन मिळाली. बीबीसीला कॅपिटल स्मॉल दोन्ही उत्तम, काही कापाकापी नाही, पण त्याचं बेसिक कडक शिस्तीचं, कमांड कॅपिटलमध्येच पाहिजे. मशीन चालू केलं की कॅप्स लॉकचा लाल दिवा आधीच लागलेला असायचा तो त्याचसाठी. कुणी हात लावून तो घालवला आणि स्मॉलमध्ये प्रिंट लिहिलं की स्क्रीनवर एकच शब्द यायचा, मिस्टेक. कसली मिस्टेक ते नाही सांगणार. एका शाळेत मी दुरुस्तीला जायचो तिथे या दिव्यावर बोट ठेवून दाखवलं की निम्म्या तक्रारी तिथल्या तिथे मिटायच्या, आणि मग चहा.

आता कुणी म्हणेल हे सगळं इतिहासजमा झालं, तुम्ही कशाला उकरताय. इतिहासजमा कुठे झालंय! परवाच एका पोर्टलवर पुतणीचा फॉर्म भरत होतो, नाव फक्त कॅपिटलमध्ये भरा म्हणे, भरलं, मग पासवर्डमध्ये एक तरी स्मॉल पाहिजे म्हणे, दिलं, आणि शेवटी नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत, कारण आधीच्या कागदावर ते कॅपिटल-स्मॉल असं मिसळून होतं. तुलना करायच्या आधी दोन्ही बाजू कॅपिटल करून घ्यायच्या, ३२ वजा करायचे, एवढं साधं काम कुणी केलं नव्हतं. पंचवटीच्या डॉक्टरांची यादीच ती, नुसता पत्ता बदललाय.

आणि मराठीला तर या प्रकरणाचा दुहेरी फटका बसलाय. आपल्याकडे कॅपिटल-स्मॉल नाही म्हणून आपण सुटलो असं वाटतं पण जुने मराठी फॉन्ट सगळे त्या इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेले होते, कॅपिटलच्या जागी एक मराठी अक्षर आणि स्मॉलच्या जागी वेगळं. तुमच्या ऑफिसात डीटीपी करणाऱ्या कुणालाही विचारा, वर्डमध्ये वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायची सेटिंग चालू राहिली की पहिला शब्दच बिघडायचा, आणि कुणी चुकून मजकूर निवडून सगळं कॅपिटल केलं तर पानच्या पान वाया, मराठी म्हणून वाचताच येणार नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवाल्यांनी मात्र शिफ्टचं सोनं केलं, साधं दाबलं की क आणि शिफ्ट धरलं की ख, ग चा घ, त चा थ, काना दाबायचा तिथे शिफ्ट धरलं की आ. इंग्रजीच्या कॅपिटलसाठी बनवलेलं बटण आपल्या वर्णमालेला इतकं चपखल बसलं आणि तरी लोक इनस्क्रिप्ट शिकत नाहीत याचं मला वाईट वाटतं, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

माझं म्हणणं एवढंच की लेखाच्या पुढच्या भागात, तो येणार असं खाली लिहिलंय, हे तंत्रज्ञान मागासलेलं होतं वगैरे जरा दुरुस्त करा. ते बनवणारी माणसं तल्लख होती, त्यांनी एकेका बिटचा हिशेब केला, काही ठिकाणी चुकला, आणि चुकला तिथे वापरणाऱ्यांनी सोल्डरिंग गन घेऊन सुधारला. पोरांपर्यंत हे पोचायला पाहिजे. आपल्या शहरात सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, तिथे एका कोपऱ्यात टेबल मिळालं तर माझ्याकडचा स्पेक्ट्रम आणि एक कमोडोर ६४ मी आणून ठेवायला तयार आहे, शनिवारी बसायला पण तयार आहे, पत्त्यांचा तो खेळ तर मी आधी दाखवेन.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असा एखादा डबा पडला असेल तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका, आणि उत्साहात लगेच प्लगमध्ये पण घालू नका. जुन्या ॲडाप्टरचे कपॅसिटर वाळलेले असतात, आणि स्पेक्ट्रमची पिन मधे निगेटिव्ह असते, घरातला दुसरा कुठलाही ९ व्होल्टचा ॲडाप्टर न बघता लावला तर उलटा करंट जाऊन मशीन कायमचं जाऊ शकतं. आधी मीटरनं बघा, नाहीतर माहितगाराला दाखवा.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर अटारीचं कापा, पोर्टलवरचा माझा वैताग कापा, पण ती आठवी चिप तेवढी ठेवा.

आपला,
एक जुना वाचक
इंदिरानगर, नाशिक